टॅलीप्राइम आणि छोट्या दुकानाचा हिशेब: वापरणाऱ्यांचे अनुभव

इचलकरंजीत गेली पंधरा वर्षे मी छोट्या दुकानदारांची हिशेबाची पुस्तके लिहिते. सध्या माझ्याकडे सात जणांचे काम आहे: यंत्रमागाच्या सुट्या भागांचे एक दुकान, दोन सूत व्यापारी, एक किराणा दुकान, औषधांचा एक घाऊक विक्रेता, शिलाईच्या साहित्याचे एक दुकान आणि घरून काम करणारा एक वास्तुविशारद. मार्च जवळ आला की यांच्यापैकी कोणाचा तरी पाहुणा किंवा शेजारचा दुकानदार मला गाठतो आणि विचारतो, "ताई, हिशेबाला कुठले सॉफ्टवेअर घेऊ?" उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही. सातपैकी चार ठिकाणी टॅलीप्राइम आहे, तीन ठिकाणी वेगवेगळी सॉफ्टवेअर आहेत, आणि ती रोज वापरणाऱ्यांची मते मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. ती मते आणि माझा स्वतःचा अनुभव इथे मांडते आहे.

माझी कसोटी आधीच सांगते. आज केलेले बिल सुबक छापणे कोणत्याही सॉफ्टवेअरला जमते. दीड वर्षापूर्वीचे बिल ते जसेच्या तसे परत देते का, आणि मधल्या काळात त्या नोंदीला कोणी हात लावला असेल तर ते दाखवते का, हे मी पाहते.

टॅलीचा जन्म आमच्या गावाला ओळखीच्या वाटणाऱ्या धंद्यातच झाला आहे. श्यामसुंदर गोएंका हे गिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवत असत. आपल्या व्यवसायाला साजेसे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी ते काम आपल्या मुलावर, भरत गोएंका यांच्यावर सोपवले आणि १९८६ मध्ये बंगळुरूत कंपनी उभी राहिली. त्या काळी प्रत्येक खात्याला आकडी संकेतांक द्यायची पद्धत होती. इथे मात्र खात्याचे नाव हीच त्याची ओळख ठेवली गेली. वहीत खतावणी करणारा माणूस जसा नावाने पान उघडतो, तसाच हा प्रकार आहे, आणि चाळीस वर्षांनंतरही माझ्या मते टॅलीचे खरे बळ तेच आहे.

सुट्या भागांच्या दुकानात मी हे रोज पाहते. दुकानात पिकर, शटल, फण्या, पट्टे, बेअरिंग अशा दीड हजारांच्या आसपास वस्तू आहेत. मालक अण्णा साठी ओलांडलेले आहेत आणि काउंटरवर त्यांची सून बसते. ती माउसला हातही लावत नाही. एफ-८ दाबले की विक्रीची नोंद उघडते, पार्टीच्या नावाची तीन अक्षरे टाइप केली की यादी त्या नावावर येते, मग वस्तू, नग, दर, आणि कंट्रोल-ए दाबले की बिल जमा होते. एखादी वस्तू यादीत नसेल तर बिल अर्धवट न सोडता ऑल्ट-सी दाबून ती तिथेच तयार करता येते. समोर मागवाला बेअरिंग हातात घेऊन उभा असतो, त्याचा माग बंद पडलेला असतो, आणि प्रत्येक मिनिटाला त्याचे कापड कमी होत असते. अशा वेळी या मोजक्या कळांचे महत्त्व कळते.

अण्णांचे स्वतःचे मत मात्र बिलाबद्दल नाही, उधारीबद्दल आहे. "बिल काय, कुठल्याही पुस्तकात फाडता येतं ताई. कोणाकडे किती दिवसांपासून किती अडकलंय, ते मला सकाळी दुकान उघडल्यावर दिसलं पाहिजे." टॅलीत येणे बाकीची यादी बिलवार निघते आणि तीस, साठ, नव्वद दिवस असे थकलेल्या बिलांचे वयोमानही लावता येते. अण्णा सकाळी त्या एका पानाची छापील प्रत घेतात, चष्मा लावून त्यावर पेन्सिलीने खुणा करतात आणि मग फोन करायला बसतात.

याच बाबतीत सर्वांत जास्त तक्रारीही ऐकू येतात. "टॅली उधारी चुकीची दाखवते" असे मला निदान दहा जणांनी सांगितले असेल, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच निघाले. पार्टीचे पैसे जमा करताना ते कोणत्या बिलापोटी आले हे सांगावे लागते. ते न सांगता 'ऑन अकाउंट' म्हणून रक्कम टाकून दिली की एकूण बाकी बरोबर राहते, पण जुने बिल जिवंतच राहते आणि वयोमानाच्या रकान्यांना काही अर्थ उरत नाही. घाईत असलेला माणूस नेमके हेच करतो. सॉफ्टवेअर घेताना विक्रेता ही गोष्ट समजावून सांगत नाही, म्हणून मी नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी जमेच्या दहा नोंदी माझ्यासमोर करून घेते.

बिलवार नोंदीची शिस्त आता देण्याच्या बाजूलाही अंगी बाणवावी लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरात आलेल्या कलम ४३बी(एच)च्या तरतुदीनुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे वा सेवा पुरवठादाराचे पैसे पंधरा दिवसांत, आणि लेखी करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, दिले नाहीत आणि वर्ष संपताना ते थकलेलेच राहिले, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षी मिळतो. वस्त्रोद्योगात लांब उधारीची सवय असल्याने २०२४ च्या मार्चमध्ये आमच्याकडच्या व्यापाऱ्यांची झोप उडाली होती. टॅलीत पुरवठादाराच्या खात्यावर उद्यम नोंदणीची (अशा लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीची) माहिती भरून ठेवता येते. ज्यांची खरेदी बिलवार लिहिलेली होती त्यांची थकबाकीची यादी अर्ध्या तासात तयार झाली. ज्यांची नव्हती त्यांच्याकडे मला रविवारी जाऊन बसावे लागले.

नवख्या माणसाला टॅली पहिला महिनाभर जड जाते, हे स्पष्ट सांगायला हवे. खाते कोणत्या गटात उघडायचे याची समज नसेल तर सॉफ्टवेअर ती समज देत नाही. किराणा दुकानाच्या मालकांच्या मुलाने दुकानासाठी घेतलेला शीतपेयांचा फ्रीज सरळ मालखरेदीत टाकला होता; वर्षअखेरीस नफा एवढा कमी कसा, म्हणून घरात वाद झाला आणि मग ती नोंद सापडली. फ्रीज स्थिर मालमत्तेच्या गटात गेल्यावर नफा जागेवर आला, घसाराही लागला. अशी चूक कोणतेच सॉफ्टवेअर थांबवणार नाही, पण ज्या माणसाला जमा-नावे म्हणजे काय हे ठाऊक नाही त्याने टॅली घेऊन एकट्याने बसू नये. परवाना न घेताही टॅली शैक्षणिक पद्धतीत उघडता येते; त्यात महिन्याच्या ठरावीक तारखांनाच नोंदी करता येतात, पण शिकण्यापुरते ते पुरेसे आहे. पैसे भरण्याआधी दोन आठवडे त्यात हात बसवावा, असे मी प्रत्येकाला सांगते.

दुसरी मर्यादा अशी, की टॅली हे मुळात विंडोजच्या संगणकावर बसून करण्याचे काम आहे. अहवाल ब्राउझरमधून मोबाइलवर पाहता येतात, पण फिरत्या माणसाला फोनवरून बिल करायचे असेल तर त्याने दुसरीकडे पाहावे.

किमतीबद्दल लोक आधी कुरकुर करतात आणि नंतर गप्प होतात, असा माझा अनुभव आहे. एका संगणकाचा कायमचा परवाना वीस हजारांच्या वर जातो आणि एकाहून अधिक संगणकांचा त्याच्या बऱ्याच पुढे. मात्र तो एकदा घेतला की आपला असतो. वर्षाची सेवा-वर्गणी संपली तरी सॉफ्टवेअर चालू राहते, फक्त नवी आवृत्ती आणि ऑनलाइन सोयी थांबतात. दरवर्षी भाडे भरायच्या सॉफ्टवेअरशी तुलना करताना पाच-सहा वर्षांचा खर्च मांडून पाहावा. पैसे वाचवण्यासाठी चोरटी प्रत मात्र कोणीही टाकून घेऊ नये. एका दुकानदाराला त्यांच्या ओळखीच्या संगणक दुरुस्तीवाल्याने अशी प्रत पाचशे रुपयांत टाकून दिली होती. नोव्हेंबरमध्ये संगणकात व्हायरस शिरला, माहितीची राखीव प्रत (बॅकअप) नव्हती, आणि एप्रिलपासूनचे आठ महिने मी बिलांच्या गठ्ठ्यांवरून आणि बँकेच्या उताऱ्यांवरून पुन्हा लिहून काढले. त्या कामाला लागलेल्या दोन महिन्यांची माझी मजुरी परवान्याच्या किमतीएवढीच झाली.

आता माझ्या कसोटीची खरी परीक्षा कधी झाली ते सांगते. २२ सप्टेंबर २०२५, सोमवार, घटस्थापनेचा दिवस. त्या दिवसापासून जीएसटीचे दर बदलले; बारा आणि अठ्ठावीस टक्क्यांचे टप्पे जवळजवळ संपले आणि आमच्या गावाच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पॉलिस्टरसारख्या मानवनिर्मित सुतावरचा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. सुती सुतावर आधीपासून पाचच होता. माझ्याकडच्या दोन सूत व्यापाऱ्यांपैकी एक टॅलीवर होते आणि दुसरे एका मोबाइल ॲपवर, ज्याचे नाव मी इथे घेत नाही. दोघांनीही सकाळी पूजा आटोपून दर बदलला.

टॅलीत वस्तूच्या खात्यावर दर बदलताना तो कोणत्या तारखेपासून लागू आहे ते विचारले जाते. तिथे २२ सप्टेंबर लिहिले की आधीची बिले जुन्या दराने तशीच राहतात आणि पुढची नव्याने होतात. त्या ॲपमध्ये दराचा रकाना एकच होता, तारखेचा नव्हता. ऑक्टोबरमध्ये एका पार्टीने ऑगस्टच्या बिलाची प्रत मागितली. व्यापाऱ्यांनी ॲप उघडून ती पाठवली, आणि एक लाख रुपयांच्या सुताचे जे बिल ऑगस्टमध्ये एक लाख बारा हजारांचे होते ते एक लाख पाच हजारांचे होऊन बाहेर पडले. विवरणपत्रात बारा हजार रुपये कर भरलेला होता, पार्टीने तेवढेच क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलेले होते, आणि हातातला कागद मात्र पाच हजार सांगत होता. पार्टीला वाटले, आपल्याकडून सात हजार जास्त घेतले. सुदैवाने मूळ बिलाची सही-शिक्क्याची कार्बन प्रत फाइलला होती. मी ती घेऊन त्यांच्या पेढीवर गेले तेव्हा प्रकरण मिटले, पण पंचवीस वर्षांच्या व्यवहारात पहिल्यांदाच आवाज चढला होता. ते व्यापारी त्याच आठवड्यात टॅलीवर आले.

या बदलातली आणखी एक गोष्ट वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. २२ सप्टेंबरपूर्वी विकलेला माल त्यानंतर परत आला, तर त्याची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) मूळ बिलाच्याच दराने करावी लागते. नवा दर लागू झाल्यावर सॉफ्टवेअर साहजिकच नवा दर सुचवते, त्यामुळे मूळ बिल शेजारी ठेवूनच ही नोंद करायची. हे भान टॅलीतही माणसालाच ठेवावे लागते.

सूत व्यापाऱ्यांना टॅलीतली आणखी एक सोय फार आवडते. सुताची बॅग हे मोजण्याचे एकक आणि किलो हे दराचे. प्रत्येक बॅगेचे वजन थोडे वेगळे भरते. वस्तूला पर्यायी एकक देऊन बॅगा आणि प्रत्यक्ष वजन दोन्ही एकाच ओळीत लिहिता येतात, त्यामुळे गोदामात बॅगा मोजणारा आणि गादीवर बसून किलो मोजणारा, दोघांचाही मेळ बसतो.

जीएसटीच्या कामात माझा सर्वाधिक वेळ पूर्वी टू-बी जुळवण्यात जात असे. पुरवठादारांनी भरलेल्या बिलांचे हे विवरण दर महिन्याच्या चौदा तारखेला तयार होते आणि मासिक भरणा करणाऱ्याला वीस तारखेपर्यंत कर भरायचा असतो, म्हणजे हातात सहा दिवस. अलीकडच्या आवृत्त्यांत टॅली हे विवरण पोर्टलवरून थेट उतरवून घेते आणि आपल्या खरेदीशी ताडून पाहते. न जुळणाऱ्या बिलांत निम्म्याहून जास्त वेळा रक्कम, कर, तारीख सगळे बरोबर असते आणि फक्त बिलाचा क्रमांक वेगळा असतो: छापील बिलावर '२५-२६/०४१७' असते आणि काउंटरवरच्या मुलाने नुसते '४१७' लिहिलेले असते. बिलावर आहे तसाच क्रमांक टाकायचा, तिरकी रेघ आणि शून्यासकट, एवढा एक नियम पाळला की दोन दिवसांचे काम दोन तासांवर येते. किराणा दुकानातल्या मुलाने हा नियम संगणकाच्या पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने लावून ठेवला आहे.

आता इतर तीन ठिकाणांबद्दल. औषधांच्या घाऊक विक्रेत्याकडे 'मार्ग' नावाचे सॉफ्टवेअर आहे आणि मी त्यांना ते बदलायला कधीही सांगणार नाही. बॅच, मुदत संपण्याची तारीख, दहावर एक मोफत अशा योजना, मुदत संपलेल्या मालाची परतफेड, हे सगळे तिथे बिलाच्या ओळीतच बसवलेले आहे. सप्टेंबरच्या दरकपातीनंतर एकाच औषधाच्या जुन्या आणि नव्या छापील किमती सांभाळताना याचा त्यांना फार उपयोग झाला. टॅलीतही बॅच ठेवता येतात, पण ज्या दुकानात दिवसाला दोनशे ओळी बॅचनिशी लिहायच्या आहेत तिथे त्या धंद्यासाठीच बनवलेले साधन हवे.

शिलाईच्या साहित्याच्या दुकानात 'व्यापार' नावाचे ॲप आहे. बटणे, चेन, अस्तर यांच्या खोक्यांमधून संगणकाला जागाच नाही. दुकानाच्या मालकीणबाई फोनवर बिल करतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवतात. "मला दिवसाचा गल्ला आणि संपलेला माल कळतो, तेवढं पुरे," असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यांच्या उलाढालीला ते खरोखरच पुरेसे आहे. वर्षाचा ताळेबंद मी त्यातून आकडे घेऊन वेगळा तयार करते.

वास्तुविशारदाकडे चेन्नईच्या झोहो कंपनीचे झोहो बुक्स आहे. त्यांच्याकडे साठा नाही, महिन्याला चार-पाच बिले असतात, आणि ती बहुतेक वेळा बांधकामाच्या जागेवरूनच पाठवायची असतात. ग्राहकाने टीडीएस कापून पैसे दिले की बिलाची रक्कम आणि बँकेत आलेली रक्कम यांत फरक पडतो. तो फरक जमेच्या नोंदीतच दाखवता येतो, ही गोष्ट त्यांना विशेष भावते. इंटरनेट नसेल तर मात्र काम थांबते.

आणि आता ज्या सोयीबद्दल दुकानदार मला कधीच विचारत नाहीत, पण जिच्याबद्दल मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते, ती. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अशी प्रणाली वापरणे बंधनकारक आहे जिच्यात प्रत्येक नोंदीतला बदल, तारखेसह, कायमचा राहतो. टॅलीप्राइमची 'एडिट लॉग' आवृत्ती यासाठीच आहे. तिच्यात ही बदलांची नोंद बंद करता येत नाही, तर साध्या आवृत्तीत ती ऐच्छिक आहे. आमची दुकाने एकमालकी किंवा भागीदारीची, त्यांना हे बंधन नाही, म्हणून बहुतेकजण साधी आवृत्तीच टाकून घेतात. काही वर्षांपूर्वी एका दुकानात, दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये, रोख जमेची एक मागची नोंद नंतर बदललेली आढळली. कोणी बदलली हे कधीच कळले नाही. संशय मात्र अठरा वर्षे तिथे काम करणाऱ्या नोकरावर राहिला आणि त्यांनी काम सोडले. लाल बांधणीच्या वहीत चूक झाली तर तिच्यावर आडवी रेघ मारून बाजूला सही करायची पद्धत होती. खाली काय लिहिले होते ते वाचता येत असे. ती रेघ संगणकातही हवी, असे मला मनापासून वाटते. माझ्याकडच्या टॅलीच्या चारही ठिकाणी आता एडिट लॉगच आहे, आणि प्रत्येक माणसाला स्वतःचे वेगळे नाव व पासवर्ड आहे, कारण सगळे एकाच नावाने आत शिरत असतील तर त्या नोंदीतून काहीच सिद्ध होत नाही.

ज्यांना सॉफ्टवेअर बदलायचे असेल त्यांनी १ एप्रिलचा मुहूर्त धरावा. वर्षाच्या मध्ये बदल केला की अर्धी बिले एकीकडे, अर्धी दुसरीकडे आणि बिलांचे क्रमांक तुटलेले, अशी अवस्था होते. ३१ मार्चला दुकान बंद करून साठा प्रत्यक्ष मोजावा. येणे-देण्याच्या बाक्या नुसत्या एकरकमी न घेता बिलवार नव्या ठिकाणी घ्याव्यात, नाहीतर पहिल्याच दिवशी उधारीची यादी आंधळी होते. जुन्या सॉफ्टवेअरचे भाडे संपले तरी त्यातली माहिती उघडता येईल ना, हे आधी विचारून घ्यावे, कारण जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून बहात्तर महिने पुस्तके जपावी लागतात. त्या सूत व्यापाऱ्यांनी ॲप सोडले तेव्हा आम्ही त्यातली सर्व बिले, सर्व खाती आणि शेवटची तेरीज (सर्व खात्यांच्या बाक्यांची यादी) छापून घेतली, ऑगस्टच्या त्या बिलाला मूळ कार्बन प्रतीची झेरॉक्स जोडली, आणि प्रत्येक पानावर त्यांची सही घेऊन ती फाइल त्यांच्या गादीमागच्या कपाटात ठेवली.